झाडांची तहान

नागपूरचा उन्हाळा सर्वश्रुत आहे. वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर चढतो आणि भर दुपारी रस्ते ओस पडतात. माणूस सावली गाठतो, पाखरू पाणवठा शोधते. झाडाला मात्र आपली जागा सोडता येत नाही. याच दिवसांत शाळांना सुट्टी लागते व मुले आजोळी जातात. वर्षभर मायेने वाढविलेली रोपे मग पंधरा दिवसांत करपून जातात. परत आल्यावर कुंडीत नुसती वाळलेली काडी पाहून कोणाचे मन खिन्न होणार नाही? हे टाळण्यास मोठी यंत्रे लागत नाहीत. घरातील टाकाऊ वस्तू व थोडा विचार एवढ्यावर काम भागते.

जुन्या घरांतून उन्हाळ्यात तुळशीवर गळती टांगण्याची चाल आहे. मडक्याच्या बुडाशी बारीक छिद्र पाडून त्यात कापडाची वात बसवितात. वातीवाटे थेंब थेंब पाणी तुळशीच्या मुळाशी पडत राहते. या चालीत भक्ती आहे, तसे शास्त्रही आहे. बादलीभर पाणी एकदम ओतले, तर बरेचसे वाहून जाते. पुष्कळसे उन्हाने उडून जाते. थेंबाने पडलेले पाणी मात्र मातीत खोल मुरते. आजचे ठिबक सिंचन याच तत्त्वावर चालते.

दुसरी युक्ती पुरलेल्या मडक्याची. माठ पाझरतो, म्हणूनच त्यातील पाणी गार होते, हे सर्वांना ठाऊक आहे. असेच एक कोरे, न रंगविलेले मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, पाण्याने भरावे व त्यावर झाकण ठेवावे. भोवती काकडीचे किंवा दोडक्याचे वेल लावावेत. माती कोरडी झाली, की ती मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी ओढून घेते. ओली झाली, की ओढ मंदावते. जणू माती आपली तहान स्वतःच सांगते! सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी शेतीग्रंथातही ही रीत वर्णिलेली आहे. कालांतराने पाण्यातील क्षारांनी छिद्रे बुजतात. तेव्हा मडके बदलावे.

कुंडीत मडके पुरण्यास जागा नसते. तेथे सुती दोरी उपयोगी पडते. पाण्याचे भांडे विटेवर, कुंडीहून थोडे उंच ठेवावे. भिजविलेल्या दोरीचे एक टोक भांड्याच्या तळाशी सोडावे व दुसरे कुंडीतील मातीत पुरावे. दिव्याची वात जसे तेल ओढते, तशी ही दोरी पाणी ओढते. भांडे झाकलेले असावे. नाही तर त्यात डास अंडी घालतात.

प्लॅस्टिकची रिकामी बाटलीही टाकून देऊ नये. तिच्या झाकणाला तापलेल्या सुईने छिद्र पाडावे. हे काम मोठ्यांच्या देखत करावे. बाटली भरून मुळाशी उपडी खोचावी. बुडालाही एक बारीक छिद्र हवे. पाण्याची जागा घेण्यास हवा आत शिरली नाही, तर पाणी बाहेर पडणे थांबते. झाकणाला दहाबारा छिद्रे पाडली, की तीच बाटली कोवळ्या रोपांसाठी छानदार झारी होते.

आता रबरी नळीचा विचार करू. नळी ओढताना ती वाफ्यावरून घसटत जाते व रोपे मोडतात. यास्तव प्रत्येक वाफ्याच्या कोपऱ्यावर बांबूची हातभर खुंटी ठोकावी. नळी खुंटीला टेकून वळते. काम संपल्यावर ती भिंतीला अडकविलेल्या सायकलच्या जुन्या चाकावर गुंडाळावी, म्हणजे तिला पीळ पडत नाही. उन्हात पडलेल्या नळीतील पाणी कढत होते. ते प्रथम बादलीत घ्यावे व निवल्यावर झाडांना घालावे.

पाणी किती घालावे, याबरोबरच ते कोठे घालावे, हेही महत्त्वाचे. नागपूरची संत्री जगप्रसिद्ध आहेत. २०१४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. या संत्र्याच्या बुंध्याशी पाणी साचून राहिले, तर जमिनीतील बुरशीमुळे डिंक्या रोग होतो. सालीतून डिंक गळू लागतो व झाड खंगते. म्हणून बागाईतदार एकात एक अशी दोन आळी करतात. बुंध्याजवळील आतले आळे कोरडे ठेवून पाणी बाहेरच्या आळ्यात सोडतात. अन्न शोषणारी बारीक मुळे बुंध्यापासून दूरवर पसरलेली असतात. त्यांना पाणी मिळते आणि बुंधा निरोगी राहतो.

या युक्त्या गावाला निघण्याच्या दिवशी घाईने करू नयेत. आठवडाभर आधी एका कुंडीवर प्रयोग करावा. भांड्यातील पाणी किती दिवस पुरते, ते वहीत टिपावे. मातीत बोट खुपसून ओल पाहावी. पाणी लवकर संपत असेल, तर भांडे मोठे घ्यावे किंवा दोरी बारीक करावी. लांबच्या सुट्टीत मात्र भांडी पुन्हा भरण्यास शेजाऱ्यांना विनवावे लागतेच. झाड बोलत नाही; परंतु जो त्याची तहान ओळखतो, त्याला ते पालवीने उत्तर देते.