मोठे चाक आणि गाडीचा जोर

तुमच्या गावाहून तालुक्याला जाणारी जीप तुम्ही रोज पाहता. कधी तिच्यात बसता, कधी चिखलात रुतली म्हणजे ढकलताही. त्या जीपच्या मागच्या दोन चाकांमध्ये, आखाच्या मधोमध, हंड्यासारखा फुगलेला एक लोखंडी गोळा असतो. तेलाने माखलेला, धुळीने भरलेला. त्याच्याकडे कोणी पाहत नाही. सगळ्यांचे लक्ष चाकाकडे. टायर रुंद आहे का, उंच आहे का, दिसायला कसा आहे! पण चाक आणि तो गोळा यांचा हिशेब एकच आहे. एकाला हात लावला की दुसऱ्याचे गणित बदलते. हे गणित काय आहे, ते आज पाहू.

मी गणिताचा मास्तर. तेव्हा मोटारीबद्दल मी का बोलावे, असे तुम्ही म्हणाल. त्याचे कारण सांगितलेच पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका वडापवाल्याने मला विचारले, "सर, जीपला मोठे टायर टाकू का? गाडी उंच होईल, खड्ड्यात आपटायची नाही." मी म्हणालो, "टाका की! बैलगाडीचे चाक मोठे असते ते उगीच का? चाक मोठे तितकी गाडी हलकी." माझे उत्तर ऐकायला शहाणपणाचे होते. ते चूक होते, आणि ते किती चूक होते हे मला कुंभार्ली घाटात कळले.

आधी बैलगाडीचेच पाहू. बैलगाडीत बैल जू ओढतात, जुवामुळे गाडी ओढली जाते, आणि गाडी पुढे जाते म्हणून चाक फिरते. चाकाला कोणी फिरवत नाही. अशा ओढल्या जाणाऱ्या चाकाचा व्यास जितका मोठा, तितके ते खड्डा, दगड सहज ओलांडते आणि आखावरचे घर्षणही कमी जाणवते. म्हणून आपल्या सुतारांनी बैलगाडीचे चाक मोठे केले, हे योग्यच केले.

मोटारीचे उलट आहे. इथे इंजिन चाकाला फिरवते आणि चाक जमिनीला मागे रेटून गाडी पुढे नेते. विहिरीवरच्या रहाटाची आठवण करा. रहाट फिरवण्याचा जोर तोच, पण दोर ज्यावर गुंडाळला जातो तो लाट जाड केला तर काय होते? प्रत्येक फेऱ्याला पोहरा अधिक वर येतो खरा, पण हाताला तो जड लागतो. मोटारीचे चाक म्हणजे हा लाट. चाक मोठे केले की एका फेऱ्यात गाडी अधिक अंतर जाते. पण जमिनीवर पडणारा रेटा तेवढ्याच प्रमाणात घटतो. ओढले जाणारे चाक आणि फिरवले जाणारे चाक यांतला हा फरक मी विसरलो होतो.

आता त्या गोळ्यात काय असते ते पाहू. इंजिनाकडून गिअरबॉक्समार्गे एक लांब शाफ्ट मागे येतो. त्याच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असते, त्याला पिनियन म्हणतात. ते एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवते, त्याला मेकॅनिक लोक क्राऊन म्हणतात. सायकलीत पुढची दातेरी चक्री मोठी आणि मागची लहान असते, म्हणून पायाच्या एका फेऱ्यात चाक अनेक फेरे घेते. मोटारीत याच्या उलट योजना आहे. लहान चक्री मोठीला फिरवते; त्यामुळे फेरे कमी होतात आणि जोर वाढतो.

एक खरे उदाहरण घेऊ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलिस कंपनीने सैन्यासाठी जी जीप केली, तिच्या क्राऊनला 39 आणि पिनियनला 8 दात होते. 39 ला 8 ने भागा, 4.88 येतात. म्हणजे शाफ्टचे 4.88 फेरे झाले की चाकाचा एक फेरा. पुढे 1945 साली याच कंपनीने शेतकऱ्यांसाठी साधी जीप काढली. इंजिन जवळजवळ तेच, सुमारे 60 अश्वशक्तीचे. पण शेतात नांगर ओढावयाचा, ओझे वाहावयाचे, म्हणून क्राऊनला 43 दात केले. पिनियनचे 8 तसेच ठेवले. भागाकार आला 5.38. आपल्याकडे 1949 सालापासून मुंबईत विलिस जीपची जुळणी होऊ लागली, आणि त्या घराण्याच्या जीपा महाराष्ट्रातल्या खेड्यांत पोहोचल्या. इंजिन न बदलता, क्राऊनचे केवळ चार दात वाढवून सैन्याची गाडी शेताला जुळवून घेतली गेली!

या प्रमाणाला सर्रास 'डिफरन्शियलचे प्रमाण' म्हणतात. खरे म्हणजे डिफरन्शियल ही त्याच गोळ्यातली, क्राऊनला जोडलेली वेगळी यंत्रणा आहे. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त चालावे लागते. जीपच्या दोन चाकांत साधारण सव्वा मीटर अंतर असते. गाडीने पूर्ण अर्धे वर्तुळ वळून तोंड फिरवले, तर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे 4 मीटर जास्त चालते. गंमत अशी की वळण मोठे घ्या वा लहान, हा फरक तेवढाच राहतो. बैलगाडीला याची अडचण नसते, कारण तिची दोन्ही चाके आखावर सुटी फिरतात. मोटारीत मात्र दोन्ही चाकांना रेटा द्यावयाचा आणि तरीही त्यांना वेगवेगळे फेरे घेऊ द्यावयाचे. ही अडचण सोडवणारी दातेरी चाकांची रचना फ्रान्समधील पेकर या घड्याळजीने 1827-28 च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी पेटंट केली. हीच रचना आपली जीप चिखलात रुतली की दगा देते. ती दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. एक चाक चिखलात असले तर त्याला जोर लागतच नाही, आणि मग कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ काहीच मिळत नाही. एक चाक गरगर फिरते, दुसरे ढिम्म उभे राहते.

आता आपले गणित करू. चाकाचा व्यास सोयीसाठी 70 सेंटीमीटर धरा. बावीस सप्तमांशाने गुणले की परीघ 220 सेंटीमीटर, म्हणजे 2.2 मीटर. टॉप गिअरमध्ये शाफ्ट मिनिटाला 2000 फेरे घेतो असे समजू. प्रमाण 5.38 असेल तर चाक 372 फेरे घेईल, आणि गाडीचा वेग येईल ताशी सुमारे 49 किलोमीटर. प्रमाण 4.88 असेल तर तेवढ्याच फेऱ्यांत वेग येईल ताशी 54.

आता प्रमाण 5.38 च ठेवा, पण चाक 70 च्या जागी 77 सेंटीमीटरचे घाला. परीघ 2.42 मीटर होतो. पुन्हा गणित करा. वेग येतो ताशी 54! म्हणजे चाक एक दशांशाने मोठे करणे आणि शेताच्या जीपची सैन्याची जीप करणे, ही एकच गोष्ट झाली. गोळा न उघडता तुम्ही क्राऊनचे चार दात काढून टाकले.

मग यात बिघडले काय? वेग तर वाढला! मंडळी, गिअर काही नवी शक्ती निर्माण करीत नाही. तो जोर देऊन वेग घेतो, किंवा वेग देऊन जोर घेतो. सपाट रस्त्यावर, हलक्या ओझ्याने जाताना इंजिन कमी फिरते, आवाज कमी होतो, कदाचित थोडे इंधनही वाचते. पण चढावर जमिनीवरचा रेटा अकरापैकी दहा हिस्से उरतो. अकरा माणसे गाडी ढकलत होती, त्यातला एक बाजूला झाला असे समजा. ड्रायव्हरला एक गिअर आधीच खाली यावे लागते, क्लच जास्त वापरावा लागतो, आणि इंधन वाचण्याऐवजी जास्त जळते.

दुसरी गोष्ट स्पीडोमीटरची. तो रस्ता मोजत नाही. सामान्यतः शाफ्टचे किंवा चाकाचे फेरे मोजतो. चाक बदलले हे त्याला कोण सांगणार? काटा 40 दाखवतो तेव्हा गाडी 44 ने धावत असते.

तिसरी गोष्ट ब्रेकची, आणि सर्वांत महत्त्वाची. ब्रेक चाकाच्या मध्याशी धरतो, पण गाडी थांबते ती चाकाच्या कडेला, जमिनीशी. चाक मोठे झाले म्हणजे तेवढ्याच पायाच्या दाबाने जमिनीवर मिळणारी पकडही अकरापैकी दहा हिस्सेच. शिवाय गाडी 40 ऐवजी 44 ने धावते आहे. वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात ऊर्जा वाढते, म्हणजे ती 21 टक्क्यांनी वाढली. दोन्हींचा एकत्र हिशेब असा येतो: ज्या दाबाने गाडी पूर्वी 30 मीटरांत थांबत असे, त्याच दाबाने तिला आता 40 मीटर लागतात. हे सपाट रस्त्यावरचे झाले. घाट उतरताना गाडीचे वजनही तिला खाली ओढत असते, आणि इंजिनाचा अटकाव पूर्वीच्याच गिअरमध्ये कमी झालेला असतो.

कुंभार्ली घाट उतरताना आमचे नेमके हेच झाले. पावसाळ्याचे दिवस, जीप भरलेली, ड्रायव्हर जुना आणि सावध. तो रोजच्याच गिअरमध्ये, काट्यावर रोजचाच आकडा ठेवून उतरत होता. त्याची काही चूक नव्हती. निम्म्या घाटात ब्रेक जळल्याचा वास आला, पेडल खाली बसू लागले. त्याने प्रसंगावधान राखून गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली म्हणून आम्ही वाचलो. शेजारी बसलेल्या आजींचा हात मनगटात मोडला. हात धरून त्या मलाच विचारत होत्या, "कुठं लागलं नाही ना रं बाळा?" मी काय उत्तर देणार? वरचे सगळे गणित मी त्या रात्री वहीत मांडले. सातवीच्या मुलाला येईल असे ते गणित आहे. ते आठ दिवस आधी मांडायला हवे होते.

मग ट्रॅक्टरची मागची चाके एवढी मोठी कशी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. ट्रॅक्टरमध्ये फेरे कमी करणारी दातेरी चाके इतकी असतात की चाक मोठे असूनही जमिनीवर भरपूर जोर उरतो. चाक, गिअर आणि ब्रेक तिन्ही एकमेकांच्या मापाने केलेले असतात. आपण एकच बदलतो आणि दोन विसरतो. मोठ्या चाकाबरोबर क्राऊन-पिनियनही बदलून घेतले, म्हणजे 4.88 च्या जागी 5.38 घातले, तर गेलेला जोर परत येतो. शाफ्टवर चालणारा स्पीडोमीटरही बहुधा जाग्यावर येतो. चारही चाके इंजिनावर चालणारी गाडी असेल तर पुढच्या आणि मागच्या दोन्ही गोळ्यांत एकच प्रमाण ठेवावे लागते. पण ब्रेक मात्र याने सुधारत नाही, हे ध्यानात ठेवा.

आणखी एक गैरसमज. रिम मोठी म्हणजे चाक मोठे, असे नव्हे. टायरवर 215/75 आर 15 असे लिहिलेले असते. 215 ही मिलिमीटरमध्ये रुंदी, 75 म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या 75 टक्के, आणि 15 हा रिमचा इंचांत व्यास. हिशेब करा: बाजूची उंची 161, दोन्हीकडची मिळून 322, रिम 381, एकूण 703 मिलिमीटर. आता 225/60 आर 17 घ्या. रिम दोन इंचांनी मोठी, तरी एकूण व्यास 702! बाहेरचा व्यास तोच, म्हणून वरचे गणितही तेच.

शिक्षक मित्रांना एक विनंती. हा धडा फळ्यावर नको, अंगणात घ्या. टायरवर आणि खाली जमिनीवर खडूने खूण करा, गाडी सपाट जागी हळूच एक फेरा ढकला, अंतर मुलांना टेपने मोजू द्या. परीघ, गुणोत्तर, वर्ग, सगळे तिथेच शिकता येईल. आणि गाडी ज्यांची आहे त्यांना इतकेच सांगा: टायर घेण्यापूर्वी गाडीच्या पुस्तिकेतले माप पाहा. निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून गाडी मनाने बदलण्यास 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नेही बंदी आहे. पण कायद्याच्या आधी कागद आणि पेन्सिल घ्या. जुना व्यास लिहा, नवा लिहा, भागाकार करा. मग त्या गाडीत कोण कोण बसते, ते आठवा.