हे अंडे माझे नव्हे!

कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. तिचे अंडे कावळीच्या अंड्याहून थोडे लहान असते. पण दोन्ही निळसर-हिरवट आणि तपकिरी ठिपक्यांची. कावळी बहुधा फसते व परके पिल्लू वाढवते. मग सर्वच पक्षी असे फसतात काय? मुळीच नाही!

उत्तर अमेरिकेतील काऊबर्ड हा पक्षीही दुसऱ्यांच्या घरट्यांत अंडी घालतो. त्याचे पांढुरके, ठिपकेदार अंडे अमेरिकन रॉबिनच्या निळ्या अंड्यांत आले, की रॉबिन ते बहुधा बाहेर टाकून देतो. कॅटबर्ड नावाचा पक्षीही तसेच करतो.

पण अंडे परके आहे, हे पक्ष्याला कळते कसे? याच्या दोन रीती संभवतात. चार स्टीलच्या वाट्यांत एक पितळेची असेल, तर ती वेगळी आहे हे कोणीही सांगेल. वाट्या कोणाच्या, हे माहीत असण्याची गरज नाही. ही झाली पहिली रीत. दुसरी रीत म्हणजे वाटीवर घातलेले नाव वाचणे. मग शंभर वाट्यांत आपली एकच असली, तरी ती ओळखता येते. पक्षी यांपैकी कोणती रीत वापरतात?

1925 साली जर्मन शास्त्रज्ञ बर्नहार्ड रेन्श यांनी एक प्रयोग केला. एका वटवट्याच्या घरट्यातील पहिली तीन अंडी काढून त्यांनी तेथे दुसऱ्या जातीच्या वटवट्याची अंडी ठेवली. मादीने चौथे अंडे घातले, आणि नवल म्हणजे स्वतःचे तेच अंडे टाकून दिले! म्हणजे वेगळे दिसेल ते टाकायचे, ही पहिली रीतच खरी वाटली.

पुढे 1970 नंतरच्या दशकात अमेरिकेत स्टीफन रॉथस्टाइन यांनी कॅटबर्डच्या घरट्यात परकी अंडी जास्त आणि त्याची स्वतःची कमी, अशी मांडणी केली. आता ‘वेगळी’ दिसत होती ती त्याचीच अंडी. तरीही त्याने परकीच अंडी टाकली! त्याला आपले अंडे खरोखर ओळखता येत होते.

मग रेन्श यांची मादी का चुकली? तिची पहिली अंडी काढून घेतल्यामुळे समोर दिसलेली परकी अंडीच तिने आपली मानली असावीत. कारण ही ओळख शिकावी लागते. जपानमधील बोरूच्या बनातल्या मोठ्या वटवट्यांचा अभ्यास 1992 साली प्रसिद्ध झाला. त्यात अनुभवी माद्यांपेक्षा तरुण माद्या कोकिळकुळातील कुक्कू पक्ष्याचे अंडे अधिक वेळा स्वीकारतात, असे आढळले.

ही परीक्षा सोपी नाही. कुक्कूचे अंडे राहू दिले, तर त्यातून निघालेले पिल्लू घरट्यातील बाकी सर्व अंडी ढकलून देते. उलट, घाईने टाकलेले अंडे स्वतःचेच निघाले, तर आपल्याच हाताने आपले नुकसान! म्हणून अंडे हुबेहूब असले, की शहाणा पक्षीही ते ठेवून घेतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कावळ्याचे घरटे दिसले, तर दुरूनच पाहा. अंड्यांना हात लावू नका. काही आठवड्यांनी कावळी ठिपकेदार, वेगळेच पिल्लू भरवताना दिसली, तर ती मूर्ख आहे असे म्हणाल का?