विश्लेषण : दुकानाचा फोन इंटरनेटवर नेताय? प्लॅनच्या दरापेक्षा या गोष्टी आधी पाहा

समजा, पिंपरी-चिंचवडमध्ये वॉटर प्युरिफायर दुरुस्तीचे एक दुकान आहे. मालक, काउंटरवर एक जण आणि दुचाकीवरून फिरणारे तीन टेक्निशियन. दुरुस्त केलेल्या प्रत्येक मशिनवर दुकानाचे स्टिकर आणि त्यावर मालकाचा मोबाइल नंबर. मार्च उजाडला की फोन थांबत नाही. मालक एकाशी बोलत असताना दुसऱ्याला ‘बिझी’ लागतो आणि तो पुढच्या चौकातल्या दुकानाला फोन लावतो. टेक्निशियन आपल्याच मोबाइलवरून ग्राहकांशी बोलतात, त्यामुळे एखादा नोकरी सोडून गेला की त्याच्याबरोबर काही ग्राहकही जातात.

अशा दुकानांसाठी ‘क्लाउड टेलिफोनी’, ‘व्हर्च्युअल नंबर’, ‘अनलिमिटेड बिझनेस कॉलिंग’ या नावांनी भरपूर प्लॅन बाजारात आहेत. एकच नंबर, एकाच वेळी अनेक कॉल, प्रत्येक कॉलची नोंद, हवे तर रेकॉर्डिंग. सोय खरी आहे. मात्र जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेली मासिक रक्कम आणि प्रत्यक्षात येणारे बिल यांत बरेच अंतर पडू शकते.

एकाच नावाखाली तीन वेगळ्या सेवा

पहिली सेवा अनेकांच्या दुकानात आधीच असते. फायबर ब्रॉडबँडसोबत मिळणारा लँडलाइन नंबर इंटरनेट तंत्रावरच चालतो. दुसरी म्हणजे क्लाउड टेलिफोनी. यात कंपनी एक नंबर देते आणि त्यावर आलेला कॉल तुमच्या माणसांच्या मोबाइलवर किंवा ॲपवर वळवते. ‘सेवेसाठी एक दाबा’ असे सांगणारा आवाज यातच येतो. तिसरी म्हणजे एसआयपी ट्रंक. कार्यालयात स्वतःचे ईपीबीएक्स असेल तर त्याला जुन्या तारांऐवजी इंटरनेटवरून लाइन जोडली जाते. पाच माणसांच्या दुकानाला तिसऱ्या प्रकाराची सहसा गरज नसते.

भारतात इंटरनेट टेलिफोनीला एप्रिल २००२ मध्ये मर्यादित परवानगी मिळाली. कोणत्याही कंपनीच्या इंटरनेटवरून कॉल करता येईल अशी स्पष्ट मुभा मात्र जून २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने दिली. त्यापाठोपाठ बीएसएनएलने ‘विंग्ज’ ही सिमशिवाय ॲपवरून कॉल करण्याची सेवा आणली. तेव्हा तिचे वर्षाचे शुल्क १,०९९ रुपये होते.

सेवा देणाऱ्या कंपनीकडे भारतातला परवाना हवा. परदेशी ॲपवरून घेतलेला स्वस्त नंबर इथल्या ग्राहकाच्या फोनवर +१ किंवा तसाच परदेशी कोड घेऊन उमटतो. सायबर फसवणुकीच्या बातम्या रोज वाचणारा माणूस असा कॉल उचलत नाही आणि त्याचे बरोबरच आहे.

मिनिटे कशी मोजली जातात?

बिल फुगते ते इथे. क्लाउड टेलिफोनीतला कॉल ग्राहकाला एक वाटतो, पण कंपनीच्या हिशेबात अनेकदा ते दोन कॉल असतात. तुम्ही ॲपमध्ये ग्राहकाच्या नावावर टिचकी मारली की यंत्रणा आधी तुमच्या मोबाइलला फोन लावते, मग ग्राहकाला लावते आणि दोघांना जोडते. या दोन्ही बाजूंची मिनिटे मोजली जातात. ग्राहकाने तुम्हाला केलेला कॉल मोबाइलवर वळवला, तर त्या वळवण्याचीही मिनिटे लागतात.

वरच्या दुकानाचा हिशेब मांडू. दिवसाला ४० कॉल येतात, २० केले जातात, प्रत्येक सरासरी तीन मिनिटांचा. आलेले कॉल टेक्निशियनच्या मोबाइलवर वळवल्याची १२० मिनिटे. केलेल्या कॉलची ६० मिनिटे, पण दोन बाजू धरून १२०. दिवसाला २४० आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर ६,२४० मिनिटे. हेच काम टेक्निशियनने मोबाइल डेटावर, कंपनीच्या ॲपमधून केले आणि त्याच्या बाजूचे पैसे लागत नसतील, तर मोजली जाणारी मिनिटे उरतात १,५६०. काम तेच, मिनिटे एक चतुर्थांश. म्हणून विक्री प्रतिनिधीला पहिला प्रश्न हा विचारावा : “एका कॉलच्या किती बाजूंचे पैसे लागतात, आणि आमचा माणूस ॲपवर बोलला तर किती?” ॲपवर थेट बोलण्याची सोय प्रत्येक कंपनीकडे किंवा प्रत्येक प्लॅनमध्ये नसते.

दुसरी खोच पल्सची. ६० सेकंदांचा पल्स असेल तर दोन मिनिटे पाच सेकंदांचा कॉल तीन मिनिटांचा धरला जातो. ‘साहेब, निघालोय, दहा मिनिटांत पोहोचतो’ अशा वीस सेकंदांच्या कॉललाही पूर्ण मिनिट लागते. ज्यांचे बहुतेक कॉल असे छोटे असतात त्यांना ३० सेकंदांचा पल्स फायद्याचा. ‘अनलिमिटेड’ शब्दाशेजारी तारांकन असेल तर वाजवी वापराची मर्यादा किती, हे लेखी घ्यावे. शिवाय १८ टक्के जीएसटी वेगळा. जीएसटीत नेहमीची नोंदणी असेल तर त्याचे क्रेडिट मिळते, कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला ते मिळत नाही. त्याने करासकट रक्कमच खर्चात धरलेली बरी.

एकाच वेळी किती कॉल चालतील, म्हणजे चॅनेल किती, हेही प्लॅननुसार बदलते. दोन चॅनेलच्या प्लॅनमध्ये तिसऱ्या ग्राहकाला पुन्हा ‘बिझी’च लागणार. हंगामापुरते चॅनेल वाढवून नंतर कमी करता येत असतील, तर असा प्लॅन थोडा महाग पडला तरी घ्यावा.

नंबर नेमका कोणाचा?

बहुतेक दुकानदार हा प्रश्न विचारतच नाहीत, आणि सर्वांत महागात हाच पडतो. देशभर नंबर पोर्टेबिलिटी २०११ पासून आहे, पण ती मोबाइलपुरती. लँडलाइन नंबर एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येत नाही. क्लाउड कंपनीने दिलेल्या लँडलाइन किंवा व्हर्च्युअल नंबरची गत तीच. तो साधारणपणे तुम्हाला वापरायला दिलेला असतो. वर्षभराने दर वाढले, सेवा बिघडली आणि तुम्ही कंपनी बदलली, तर नंबर मागे राहतो. शेकडो स्वयंपाकघरांतल्या मशिनवरची स्टिकरे मात्र तिथेच असतात.

यावर सोपा उपाय असा : पाटी, स्टिकर आणि बिलबुकावर मालकाच्या किंवा फर्मच्या नावावरचा मोबाइल नंबर छापायचा आणि त्यावरचे कॉल क्लाउड नंबरकडे वळवायचे. उद्या क्लाउड कंपनी बदलली तरी ग्राहकाला काही कळत नाही, आणि मोबाइल कंपनी बदलायची झाली तर नंबर पोर्ट होतो. दोन गोष्टींची आधी खात्री करावी. *४०१# सारख्या कोडने कॉल वळवण्याची सोय दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून थांबवली, त्यामुळे फॉरवर्डिंग कसे सुरू होईल हे आपल्या मोबाइल कंपनीला विचारावे. व्यक्तिगत ‘अनलिमिटेड’ प्लॅनवर धंद्याचे कॉल वळवण्याबाबत काही अटी आहेत का, तेही पाहावे.

नेट १०० एमबीपीएस, तरी आवाज का तुटतो?

एका इंटरनेट कॉलला नेहमीच्या जी.७११ कोडेकवर प्रत्येक दिशेला साधारण ९० किलोबिट प्रतिसेकंद लागतात. पाच कॉल एकदम चालले तरी अर्धा एमबीपीएसही होत नाही. तेव्हा कॉलिंगसाठी म्हणून जास्त वेगाचा ब्रॉडबँड प्लॅन घेण्यात अर्थ नाही. आवाज तुटतो तो डेटाचे तुकडे उशिरा किंवा मागेपुढे पोहोचल्यामुळे. एका बाजूने दुसऱ्या बाजूला आवाज पोहोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे मानक सांगते. दुकानातले सीसीटीव्ही सतत क्लाउडवर चित्रण चढवत असतील तर अपलोडची वाट अडते. राउटरच्या सेटिंगमध्ये कॉलला प्राधान्य दिले की बऱ्याचदा प्रश्न सुटतो.

वीज गेल्यावर काय, हाही मुद्दा आहे. जुन्या तांब्याच्या लँडलाइनला एक्स्चेंजमधून वीज मिळायची, म्हणून अंधारातही फोन वाजायचा. फायबरचा डबा आणि राउटर मात्र लाइट गेली की बंद. १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, तो प्लॅनच्या खर्चातच धरावा. नेट बंद पडल्यावर कॉल आपोआप मोबाइलवर जाईल, अशी व्यवस्था कंपनीकडून पहिल्याच दिवशी करून घ्यावी.

ऑफरचे कॉल करणार असाल तर...

बुक केलेल्या दुरुस्तीबद्दल ग्राहकाला फोन करणे वेगळे आणि यादीतल्या पाचशे जणांना वार्षिक देखभालीची ऑफर सांगणे वेगळे. दुसरे प्रचारात्मक ठरते. त्यासाठी नोंदणी आणि १४० ने सुरू होणारी मालिका लागते. नोंदणी नसताना असे कॉल करणाऱ्यांची सर्व दूरसंचार जोडणी तोडून त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकण्याचे आदेश ट्रायने १३ ऑगस्ट २०२४ रोजी दिले. पुढच्या काही आठवड्यांतच पावणेतीन लाख जोडण्या तोडल्याचे आणि ५० संस्था काळ्या यादीत टाकल्याचे ट्रायने जाहीर केले. एसआयपी लाइनही यातून सुटत नाहीत. ‘आमच्या सिस्टीमवरून बिनधास्त करा’ असे सांगणारा विक्री प्रतिनिधी जोडणी तुटते तेव्हा सोबत नसतो. कागदपत्रांशिवाय नंबर देणाऱ्या कंपनीपासूनही दूर राहावे.

मग कोणी काय घ्यावे?

दोघा-तिघांचे दुकान आणि दिवसाला पंधरा-वीस कॉल असतील तर ब्रॉडबँडसोबतची लँडलाइन आणि व्हॉट्सॲप बिझनेस पुरेसे आहे. व्हॉट्सॲप बिझनेस लँडलाइन नंबरवरही सुरू करता येते, पडताळणीचा कोड फोन कॉलवर येतो. माणसे बाहेर फिरणारी असतील, कॉल हुकले की धंदा जात असेल, तर क्लाउड टेलिफोनी घ्यावी. पण वर्षाचे पैसे एकदम भरून सवलत घेण्याआधी एक महिना चाचणी करावी आणि ती गर्दीच्या हंगामात करावी. रेकॉर्डिंग घेणार असाल तर सुरुवातीलाच ग्राहकाला तसे ऐकवले जाईल, असे पाहावे. करार संपल्यावर कॉलच्या नोंदी आणि ग्राहकांचे नंबर एक्सेलमध्ये काढून मिळतील का, हे सही करण्यापूर्वी लेखी घ्यावे.

जुना नंबर लगेच बंद करू नये. प्युरिफायरचे फिल्टर वर्षाकाठी बदलतात, त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात स्टिकर लावलेल्या ग्राहकाचा फोन त्या नंबरवर पुढच्या उन्हाळ्यात येणार आहे.