ताप उतरला, अंगदुखी का उरली?

पावसाळा सरत आला की घरोघरी तापाची साथ येते. तीन-चार दिवस कणकण, डोके जड, हातपाय ठणकतात. मग ताप उतरतो आणि माणूस कामाला लागतो. पण एखाद्याचे दुखणे महिने उलटले तरी जात नाही. रक्ततपासणी ठीक, क्ष-किरण चित्रही ठीक. अशा वेळी आपण सहज म्हणून जातो, ‘मनाचे खेळ आहेत!’ हे खरे आहे का?

आधी तापात अंग का दुखते ते पाहू. विषाणू शरीरात शिरले की संरक्षक पेशी सायटोकाइन नावाची प्रथिने सोडतात. त्यांचा निरोप मेंदूपर्यंत पोचतो. मेंदू तापमान वाढवतो, भूक मंदावतो आणि वेदनेची जाणीव तीव्र करतो. ‘पडून राहा’ असा हा आदेशच म्हणा ना! लढाई संपली की तो मागे घेतला जातो.

फायब्रोमायल्जिया या विकारात वेदनेची जाणीव कायमच तीव्र असते. रेडिओवर कार्यक्रम तोच, पण आवाजाचे बटण वरच्या टोकाला अडकलेले, असा हा प्रकार. स्नायू वा सांधे झिजलेले नसतात. मज्जासंस्था साध्या संवेदनाही वाढवून मेंदूला कळवते. तीन महिन्यांहून अधिक काळ सर्वांगदुखी, झोपूनही न जाणारा थकवा, विसराळूपणा ही त्याची लक्षणे. 1990 च्या निकषांत शरीरावरील 18 ठरावीक जागा दाबून त्यांपैकी निदान 11 दुखतात का हे पाहत. 2010 च्या निकषांत ही अट वगळून लक्षणांना महत्त्व दिले गेले. वेदना खरी आहे, फक्त ती क्ष-किरणांना दिसत नाही.

अशा व्यक्तीला साधे पडसे झाले तरी आधीच वाढलेला आवाज आणखी वाढतो. मग दोन चुका होतात. पहिली, सारे काही जुन्या दुखण्यावर ढकलणे. नवा ताप, पुरळ, सांध्याला सूज, धाप ही लक्षणे फायब्रोमायल्जियाची नव्हेत. डॉक्टरांना दाखवायलाच हवे. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत अ‍ॅस्पिरिन वा आयबुप्रोफेन घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका असतो. दुसरी चूक म्हणजे ताप गेल्यावरही आठवडेच्या आठवडे अंथरुणात राहणे. त्याने स्नायू दुर्बल होतात आणि दुखणे वाढते. तापात पूर्ण विश्रांती, भरपूर पाणी; नंतर आज पाच मिनिटे, चार दिवसांनी सात मिनिटे असे चालणे. बरे वाटलेल्या दिवशी साचलेली सगळी कामे उरकण्याचा मोह टाळावा.

चिकुनगुन्या हा विषाणू याबाबतीत विशेष त्रासदायक. माकोंदे भाषेतल्या या नावाचा अर्थच ‘वाकवून टाकणारा’ असा आहे. 1973 मध्ये बार्शीला त्याची साथ आली होती. त्यानंतर सुमारे तीस वर्षे तो फारसा दिसला नाही आणि 2006 मध्ये महाराष्ट्रभर पसरला. त्यातून उठलेल्या काहींचे सांधे महिनोन्महिने सुजतात, तर काहींना सूज नसताना फायब्रोमायल्जियासारखी सर्वांगदुखी मागे राहते. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. म्हणून ‘सांधे धरले’ एवढ्यावरून सुई टोचून घेणे बरे नव्हे.

यवतमाळला लागून असलेल्या आमच्या लोहाऱ्यात ही गोष्ट आणखी जवळची आहे. 2018 च्या उन्हाळ्यात यवतमाळला तीव्र पाणीटंचाई होती. पाणी दिवसांच्या अंतराने आले की आपण ड्रम, रांजण भरून ठेवतो. चिकुनगुन्या आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास नेमका अशा स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस! शाळेतल्या टाकीपासून सुरुवात करता येईल. मुलांना भिंगातून अळ्या दाखवल्या तर घरचे रांजणही ती स्वतःच घासतील.

आणि तापातून उठलेला एखादा सहकारी वा विद्यार्थी ‘अजून अंग दुखते’ म्हणाला, तर त्याला बसायला खुर्ची द्यावी, कामचुकार म्हणू नये. विज्ञान आपल्याला इतके तरी शिकवतेच.