कोयनेचे ‘मोकळे’ रान

बामणोलीहून लाँच सुटते आणि कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावरून वासोटा किल्ल्याच्या पायथ्याला लागते. तिथे मेट इंदवली होती. नाव भटक्यांच्या नकाशावर आहे, नांदते गाव नाही. तरीही परत आलेली मंडळी लिहितात की, माणसाचा स्पर्श न झालेले जंगल पाहिले! गड असला की पायथ्याला माणसे असणारच, एवढा साधा विचार कुणाच्या मनात येत नाही. कारण हे रान मोकळे होते, ही गोष्ट आपण फार दिवस ऐकत आलो आहोत.

तिची सुरुवात साहेबाच्या राज्यात झाली. 1865 आणि 1878 च्या वनकायद्यांनी सह्याद्रीतली जंगले सरकारजमा होऊ लागली. तेव्हा वनखात्याचा सगळा राग होता कुमरीवर. डोंगरउताराचा एक तुकडा तोडायचा, जाळायचा, राखेत नाचणी-वरी करायची आणि दोन-चार वर्षांनी तो तुकडा पडीक टाकून पुढच्यावर जायचे, अशी ही शेती. जहाजांना आणि रेल्वेच्या स्लीपरांना लाकूड पुरवणारे सरकार डोंगरातल्या माणसाला जंगलाचा वैरी म्हणत होते. हा कांगावा कागदावर उतरला, त्याला शास्त्राचा रंग चढला आणि हद्दी आखल्या गेल्या. त्या माणसाची ओळखही या कागदांनीच ठरवली: काल घाटमाथ्यावर म्हशी राखून तूप विकणारा गवळी धनगर आज ‘अतिक्रमण करणारा’ झाला.

माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी 1982 मध्ये गवळी धनगरांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यातले चित्र वेगळे आहे. वर माथ्यावर धनगरवाडे, खाली खोऱ्यात कुणबी; एकाची म्हैस, दुसऱ्याचे धान्य आणि दोघांत देवघेव. ही घडी पुढे विस्कटत गेली, हेही ते सांगतात. धनगरवाडा काही स्वर्ग नव्हता. पण जंगलाचा नाश एकट्या धनगराच्या माथी मारता येईल, इतकी ही कहाणी सोपी नाही.

स्वराज्य आले, गोष्ट बदलली. आता ती होती त्यागाची. 103 मीटर उंचीचे कोयना धरण 1964 मध्ये पूर्ण झाले. शंभराच्या आसपास गावे उठली किंवा पाण्याखाली गेली. पाणी डोंगर फोडून पश्चिमेला पोफळीकडे वळले आणि राज्याला वीज मिळाली. कोयना ‘महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी’ झाली. जमीन घेतली गेली ती मात्र इंग्रजांच्याच 1894 च्या भूसंपादन कायद्याने. टाटांच्या धरणासाठी मुळशीच्या मावळ्यांची जमीन जाऊ लागली तेव्हा 1921 मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह उभारला, तो याच कायद्याने होणाऱ्या भूसंपादनाविरुद्ध. चाळीस वर्षांनी कोयनेत ‘सार्वजनिक प्रयोजन’ हे शब्द तसेच राहिले, फक्त ते वापरणारे सरकार आपले होते. म्हणून अन्याय दिसेनासा झाला. त्यागी म्हणून धरणग्रस्तांचा गौरव झाला, पण त्याग माणूस आपणहून करतो. इथे नोटीस आली होती.

पुनर्वसनाचा पहिला कायदा राज्याने केला 1976 मध्ये. तोवर कोयनेची माणसे सोलापूरपासून ठाणे-रायगडपर्यंत पांगली होती. 2018 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये श्रमिक मुक्ती दलाचे भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली ती कोयनानगरला पुन्हा ठिय्या देऊन बसली, त्याच जुन्या जमिनीच्या हिशेबासाठी. एक गोष्ट मला नेहमी खटकते. जावळीच्या मावळ्याचे पोवाडे गाणारे हे राज्य जलाशयाला शिवसागर म्हणते आणि त्याच मावळ्याच्या नातवंडांना अर्ज घेऊन कचेरीच्या पायऱ्या झिजवायला लावते.

काही वाड्या खोरे सोडून गेल्याच नाहीत, पाण्याबरोबर वर सरकल्या. 1985 मध्ये तिथे कोयना अभयारण्य झाले. 2010 मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यानासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला आणि 2012 मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसाही. एकाच आयुष्यात धरणासाठी वर चढलेल्या माणसाला आता वाघासाठी उतरा म्हणायचे! वाघ हवा, जंगलही हवे, यात मला शंका नाही. पण जंगल निर्मनुष्यच हवे, हा हट्ट बाहेरून आलेला आहे. अमेरिकेत 1872 मध्ये यलोस्टोन उद्यान झाले, त्यानंतर तिथल्या शोशोनी लोकांना हलवले गेले. पुढे पर्यटकांना सांगण्यात आले की, हे लोक गरम पाण्याच्या कारंज्यांना भिऊन तिकडे फिरकतच नव्हते. ते खोटे होते, पण उद्यान रिकामे दिसायला उपयोगी पडले.

2006 च्या वनहक्क कायद्याने ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचे आपल्या प्रास्ताविकातच मान्य केले. गवळी धनगर मात्र अनुसूचित जमातीत नाहीत. त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून तीन पिढ्यांचा, म्हणजे 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. धरणामुळे जागा बदललेल्या वाडीने तो कुठल्या जागेचा दाखवायचा? नियमांत पुरावा म्हणून गॅझेटियर, जनगणना, मोजणीचे अहवाल चालतात. सातारा जिल्ह्याचा जुना गॅझेटियर 1885 चा आहे. जे दप्तर धनगराला उपरा ठरवायला लिहिले गेले, त्याच दप्तरात त्याला आता आपला वाडा शोधायचा आहे.