पंपाची काटकसर विहिरीवर मोजावी

वीज वांचविणारे पंप, कमी घर्षणाचे फूटव्हॉल्व्ह, कपॅसिटर अशीं साधनें राज्यव्यापी योजनांतून शेतकऱ्यांपुढें येतात. त्यांची पारख कशी करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पंपावरील तारे हें प्रयोगशाळेंतील चांचणीचें फळ होय. तेथें पाण्याची उंची ठरलेली व विजेचा दाब पुरा असतो. आमच्या विहिरीवर या दोन्ही गोष्टी क्वचितच जुळतात. म्हणून परीक्षा विहिरीवरच व्हावी. ती अवघड नाहीं. हजार लिटर पाणी एक मीटर चढविण्यास सुमारें २.७ वॅट-तास लागतातच. त्याहून कमी कोणत्याहि यंत्रास शक्य नाहीं. समजा, पाण्याच्या पातळीपासून नळाच्या तोंडापर्यंत उंची २० मीटर आहे, २०० लिटरांचें पीप २४ सेकंदांत भरतें, आणि मीटर तासाला ५ युनिटें दाखवितो. म्हणजे तासाचें पाणी ३०,००० लिटर व खरें काम १.६ युनिटांचें. उरलेलीं ३.४ युनिटें मोटरच्या उष्णतेंत, पंपाच्या झिजलेल्या चाकांत, अरुंद नळांत व फूटव्हॉल्व्हांत गेलीं.

यांपैकीं नळ व फूटव्हॉल्व्ह यांचा खर्च थोडा, म्हणून आधीं तिकडे पाहावें. अडीच इंची नळाऐवजीं तीन इंची घातल्यास तेवढ्याच प्रवाहाचें घर्षण सुमारें दोन-पंचमांशावर येतें. मात्र नळ मोठा झाला कीं पंप अधिक पाणी फेंकतो व तासाचीं युनिटें वाढूंहि शकतात. यास्तव हिशेब तासाचा न धरतां हजार लिटरांचा धरावा. कपॅसिटरची गोष्ट निराळी. त्यानें तारेंतील प्रवाह घटतो, रोहित्राचा भार हलका होतो. परंतु आपल्या पंपाचीं युनिटें फारशीं कमी होत नाहींत. तो सर्व वाहिनीनें मिळून बसवावयाचा उपाय आहे.

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा शेतीपंपांविषयींचा पहिला पथदर्शी प्रकल्प सोलापूर जिल्ह्यांतील मंगळवेढें भागांत होता. २२०९ पंप त्याच्या कक्षेंत होते. अशा योजनेंत खरी अडचण पुढें येते. वीज ठराविक तासच मिळते, आणि नवा पंप तेवढ्या वेळांत जास्त पाणी काढतो. त्या पाण्यानें ऊस वाढविला, तर कागदावरची बचत उसांत मुरली व विहीर मात्र लवकर आटली. महाराष्ट्रांत एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस मोफत वीज ठरली आहे. तेव्हां ही चूक बिलांतहि दिसणार नाहीं.

आमची सूचना अशी कीं, योजनेचा माणूस नवा पंप घेऊन आला म्हणजे जुना काढण्यापूर्वीं उंची, पिपाचे सेकंद व मीटरचा आंकडा उभयतांनीं लिहून सह्या कराव्या. मीटर नसल्यास तात्पुरता लावून घ्यावा. नव्या पंपाचें माप त्याच आठवड्यांत, पाण्याची पातळी तीच असतां घ्यावें.