वीजजाळ्याच्या ‘जर-तर’ची फाईल

वीजवाहिन्यांचे जाळे चालवणाऱ्या यंत्रणेला एका प्रश्नाचे उत्तर सतत तयार ठेवावे लागते: या क्षणी चालू असलेली एखादी वाहिनी, रोहित्र किंवा वीजसंच अचानक बंद पडला, तर उरलेले जाळे त्याचा भार सोसेल का? या तपासणीला कंटिन्जन्सी विश्लेषण म्हणतात, आणि कोणताही एक घटक गेला तरी ग्राहकाची वीज जाऊ नये, ही तिची मूळ कसोटी ‘एन-वजा-एक’ या नावाने ओळखली जाते. 9 नोव्हेंबर 1965 रोजी नायगाराजवळच्या सर ॲडम बेक केंद्रातील एका रिलेने, म्हणजे दोष ओळखून ब्रेकर उघडायला लावणाऱ्या संरक्षक उपकरणाने, एक वाहिनी तोडली आणि अमेरिका-कॅनडातील सुमारे 3 कोटी लोक अंधारात गेले. त्यानंतर या अभ्यासाला वेग आला. 1976 मध्ये स्केनेक्टडी येथील पॉवर टेक्नॉलॉजीज या कंपनीने पीएसएस-ई हे सॉफ्टवेअर आणले, आणि भारतातील ग्रिडच्या अभ्यासातही ते वापरले जाते.

या सॉफ्टवेअरमधील गणित अवघड असले तरी ते आता स्थिरावलेले आहे, आणि हजारो बस, म्हणजे वाहिन्या व संच जिथे जोडले जातात ते बिंदू, असलेल्या जाळ्याचा भारप्रवाह, म्हणजे कोणत्या वाहिनीतून किती वीज वाहते याचे गणित, संगणक काही सेकंदांत सोडवतो. ज्याकडे फारसे कोणी पाहत नाही, तो भाग म्हणजे अभियंत्याने हाताने लिहिलेली कृतींची फाईल. तिच्यात प्रत्येक संकटाला एक नाव दिलेले असते आणि त्याखाली साध्या मजकुराच्या ओळी असतात: अमुक बसपासून तमुक बसपर्यंतची पहिली सर्किट उघडा, या बसवरील दुसरा संच काढून टाका, एवढा भार कमी करा, समाप्त. संगणक या ओळींवर पूर्ण विश्वास ठेवतो, आणि म्हणूनच त्या लिहिणाऱ्याची जबाबदारी मोठी आहे.

महाराष्ट्रातील एक उदाहरण घेतले, तर या कृतींमागचा विचार उलगडतो. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत अधिक-उणे 500 किलोव्होल्टची एकदिश प्रवाहाची वाहिनी विदर्भातील वीज मुंबईच्या परिसराकडे आणते. तिची क्षमता 1500 मेगावॅट असून ती प्रत्येकी 750 मेगावॅटच्या दोन ध्रुवांत विभागलेली आहे. वाहिनी पूर्ण भाराने चालू असताना एक ध्रुव बंद पडला, अशी कल्पना केली, तर ‘ध्रुव बंद करा’ एवढी एकच ओळ लिहून भागत नाही, कारण ते 750 मेगावॅट नाहीसे होत नाहीत, तर समांतर असलेल्या 400 किलोव्होल्टच्या वाहिन्यांवर जाऊन पडतात. दुसरा ध्रुव काही काळ जादा भार उचलणार का, त्या वाहिन्यांपैकी एखादी मर्यादेपलीकडे गेल्यास चंद्रपूरची निर्मिती किती उतरवायची, आणि हे आपोआप होणार की भारप्रेषण केंद्रातील अधिकारी दूरध्वनीवरून करवून घेणार, हे सारे त्या नावाखाली सांगावे लागते.

येथे पॉवरवर्ल्डसारख्या सॉफ्टवेअरने केलेली सोय खरोखर विलक्षण आहे. त्यात प्रत्येक कृतीला एक अट जोडता येते आणि ती अट केव्हा तपासायची, हेही ठरवता येते: काही कृती बिनशर्त होतात, काही संकटापूर्वीच्या स्थितीवर अवलंबून असतात, तर काहींची अट भारप्रवाह एकदा सोडवून झाल्यावर तपासली जाते आणि ती खरी ठरली तर कृती लागू करून गणित पुन्हा सोडवले जाते. शेवटच्या प्रकारात क्रमाला फार महत्त्व असते, कारण आधी निर्मिती उतरवली, तर वाहिनी तोडण्याची अटच उरत नाही, आणि आधी वाहिनी तोडली, तर निर्मिती उतरवूनही उपयोग होत नाही. प्रत्यक्षात हा क्रम रिले आणि ब्रेकर यांच्या वेळांनी ठरतो; फाईलमध्ये तो अभियंत्याला विलंबाच्या आकड्यांनी मांडावा लागतो.

संच बंद पडल्याची नोंदही अशीच फसवी असते. कोराडीचा 660 मेगावॅटचा एक संच काढला, तर ती तूट कोणी भरून काढायची हे सांगावेच लागते; सांगितले नाही, तर सॉफ्टवेअर ती हिशेब जुळवण्यासाठी नेमलेल्या एकाच संदर्भ-बसवर टाकते, आणि ती बस दुसऱ्या टोकाच्या राज्यात असेल, तर कागदावर असे प्रवाह दिसतात जे जमिनीवर कधीच वाहणार नाहीत. खऱ्या जाळ्यात देशभरातील संचांचे गव्हर्नर, म्हणजे त्यांचा वेग सांभाळणारे नियंत्रक, ही तूट वाटून घेतात, म्हणून ती वाटणीही आधीच नमूद करणे आवश्यक ठरते.

याहून खोल अडचण उपकेंद्राच्या आत आहे. नियोजनाच्या प्रतिमानात उपकेंद्र हा बहुधा एकच बिंदू असतो आणि ‘वाहिनी उघडा’ ही कृती त्या बिंदूवर स्वच्छपणे घडते; प्रत्यक्षात मात्र ब्रेकर उघडतात, आणि त्यांतील एक अडकला, तर त्याच्या पलीकडचे ब्रेकर उघडून संपूर्ण बस किंवा शेजारची वाहिनीही जाते. म्हणून ब्रेकरनिशी काढलेले प्रतिमान अधिक प्रामाणिक असते, परंतु ते सांभाळणे जिकिरीचे होते, कारण नवे उपकेंद्र जोडले गेले किंवा बसचा क्रमांक बदलला की जुन्या ओळी निरर्थक ठरतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलत्याच वाहिनीला लागू होतात.

आणि जे फाईलमध्ये कोणी लिहिलेच नाही, त्यावर उपाय नाही. 30 जुलै 2012 च्या पहाटे 400 किलोव्होल्टची बिना-ग्वाल्हेर वाहिनी कोणताही दोष नसताना तुटली, कारण जड भार आणि खालावलेले व्होल्टेज यांमुळे तिच्या अंतरमापी रिलेला तो दूरचा दोष भासला. केवळ तारेच्या तापमानाची मर्यादा तपासणाऱ्या अभ्यासाला अशी वाहिनी सुरक्षितच दिसते. रिलेची ती मर्यादा अट म्हणून लिहिली असेल, तरच तिचे तुटणे गणितात येते. दुसऱ्या दिवशी, 31 जुलैला, त्याच वाहिनीपासून सुरुवात होऊन उत्तर, पूर्व आणि ईशान्य ही तिन्ही क्षेत्रे कोसळली.

दक्षिण ऑस्ट्रेलियात 28 सप्टेंबर 2016 रोजी वादळाने मनोरे पाडले आणि सुमारे दोन मिनिटांत व्होल्टेज सहा वेळा कोसळले, तेव्हा पवनचक्क्यांनी काही सेकंदांत 456 मेगावॅट निर्मिती उतरवली. थोड्या वेळात ठरावीक संख्येहून अधिक वेळा व्होल्टेज कोसळले की माघार घ्यायची, ही सूचना त्यांच्या नियंत्रकांत होती, पण जाळे चालवणाऱ्या संस्थेला ती ठाऊक नव्हती आणि म्हणून तिच्या प्रतिमानातही नव्हती. तुटीचा सारा भार व्हिक्टोरियाकडून येणाऱ्या हेवूड जोडवाहिनीवर पडला, ती तुटली, आणि संपूर्ण राज्याची वीज गेली. त्यानंतर त्या नियंत्रकांतील मर्यादा वाढवण्यात आल्या.